गांधीजींचे ताट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कमिटीचा निरोप आला तेव्हा वाटले, बँकेतल्या आठवणी लिहाव्यात. पण त्या इतक्यांदा सांगून झाल्यात की संध्याकाळी मला येताना पाहून कट्ट्यावरची मंडळी बाक बदलतात! म्हणून यंदा विषय घेतला स्वयंपाकाचा.

त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर मला सोसायटीतल्या घराघरांतून डबे आले. ते उपकार फिटायचे नाहीत. पण किती दिवस डबे खाणार? वयाच्या ७१ व्या वर्षी मी मुगाची खिचडी करायला शिकलो. त्याच सुमारास गांधीजींची आत्मकथा पुन्हा वाचायला घेतली. कॉलेजात वाचली होती तेव्हा त्यातले सत्याग्रह तेवढे लक्षात राहिले होते. या वेळी लक्षात आले, की या माणसाने जन्मभर राजकारणाच्या बरोबरीने ताटाचाही विचार केला.

मोहनदासचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. घर वैष्णव, आई पुतळीबाई कडक उपासतापास करणारी. तरीही शाळेत असताना एका मित्राच्या नादाने त्यांनी चोरून मांस खाल्ले. मांस खाल्ल्याने इंग्रजांसारखे बळ येते, अशी तेव्हा मुलांची समजूत होती. त्या रात्री पोटात जिवंत बकरी ओरडते आहे असा भास होऊन त्यांची झोप उडाली. वर्षभर हा प्रकार अधूनमधून चालला. शेवटी आईवडिलांशी खोटे बोलणे सोसेना, म्हणून सोडला.

४ सप्टेंबर १८८८ रोजी ते बॅरिस्टर व्हायला मुंबईहून विलायतेला निघाले. त्याआधी मांस, मद्य आणि परस्त्री यांना शिवणार नाही, अशी शपथ आईने घ्यायला लावली होती. लंडनमध्ये बिनमसाल्याच्या उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरेनात. दोनतीन ब्रेडच्या तुकड्यांवर आणखी मागायची लाज वाटे. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा अर्धपोटी राहत होता. भटकता भटकता एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सापडली. तिथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक एका शिलिंगला विकत घेतले आणि मग विलायतेत आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण झाले. तोपर्यंत ते आईला दिलेल्या शब्दासाठी मांस टाळत होते. ते पुस्तक वाचल्यावर मनापासून शाकाहारी झाले. पुढे ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही गेले.

बँकवाल्याला सर्वांत आवडावी अशी गोष्ट पुढे आहे. हा विद्यार्थी पै-पैचा हिशेब लिही. बसभाडे, टपाल, वर्तमानपत्राचे दोन पैसेसुद्धा. रोज रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवी. हिशेब पाहून खर्च कमी करायचे ठरवले, एका खोलीत बिऱ्हाड केले, स्टोव्ह घेतला. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री ब्रेड आणि कोको. दिवसाचा जेवणखर्च एक शिलिंग तीन पेन्स! घरून येणारी मिठाई आणि मसालेही त्यांनी बंद केले. सुरुवातीला जो उकडलेला पालक नकोसा व्हायचा, तोच आवडीने खाऊ लागले. चव जिभेपेक्षा मनात असते, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

१८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. जोहान्सबर्गच्या घरी सात पौंडांचे हाताने फिरवायचे जाते आणले. एकट्याला ते जड जाई, म्हणून बॅरिस्टरसाहेब, त्यांचे स्नेही पोलाक आणि मुले मिळून दळत. कस्तुरबा अधूनमधून हात लावत. विकतच्या पावाऐवजी घरच्या पिठाची भाकरी होऊ लागली. साधे खायचे म्हणजे बायकोचे काम वाढवायचे, असा आपल्याकडचा रिवाज. इथे निदान दळण तरी पुरुषाने वाटून घेतले होते.

आता ज्या प्रसंगापाशी मी अडकलो तो सांगतो. कस्तुरबांना रक्तस्रावाचा त्रास होता. शस्त्रक्रिया होऊनही तो पुन्हा सुरू झाला. मीठ आणि डाळी सोड, असा गांधीजींनी आग्रह धरला. बा ऐकेनात. शेवटी त्या म्हणाल्या की कुणी सांगितले तर तुम्हालासुद्धा हे सुटणार नाही. झाले! गांधीजींनी त्या क्षणी स्वतः दोन्ही वर्षभरासाठी सोडली. बांना फार वाईट वाटले. मी सोडते, पण तुम्ही शब्द मागे घ्या, म्हणून त्यांनी विनवले. गांधीजी बधले नाहीत. पुढे बांचा त्रास थांबला.

खरं सांगू? मला यात थोडी जबरदस्तीही दिसते. नवऱ्याने असे केल्यावर बायको काय बोलणार? गांधीजींच्या प्रयोगांची झळ बांना फार लागली, हे मानलेच पाहिजे. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? आमच्या हिला दहा वर्षे रक्तदाब होता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले होते. मी रोज जेवताना आठवण करायचो, आणि माझ्या ताटात रोज पापड आणि लोणचे असायचे. ते वाढायचीही तीच. ती एकदा हसून म्हणाली होती, अहो, तुम्ही एक दिवस सोडून दाखवा. मीही हसलो आणि पापड मोडला.

१९१० मध्ये हर्मन कॅलनबाख या मित्राने दिलेल्या ११०० एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म सुरू झाला. सत्याग्रहींची कुटुंबे तिथे राहत. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिश्चन सगळे. ज्यांना मांस हवे त्यांची सोय करायची गांधीजींची तयारी होती. पण त्यांनी विचारल्यावर सर्वांनी आपणहून शाकाहार कबूल केला. चूल एकच, जेवण साधे, आणि आपले ताट ज्याने त्याने घासायचे. आपल्याकडे कोजागिरीच्या मसाला दुधात साखर किती, यावर तीन मीटिंगा होतात!

१९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. १९१८ मध्ये अतिसाराने मरणाच्या दारात पोहोचले तरी दूध घेईनात. तेव्हा बांनीच सुचवले की शपथ गायी-म्हशीच्या दुधाची होती, शेळीचे चालेल. त्यांनी ते घेतले, जगले, पण शपथेचा अर्थ आपण सोयीने लावला ही टोचणी त्यांना कायम राहिली.

१९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्राम. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचे तेल, उकडलेल्या भाज्या, कच्चा कडुनिंबाचा पाला. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला धान्य ६ औंस पुरे, असे माप दिले आहे. मी काट्यावर मोजले, १७० ग्रॅम होतात. बँकेत असताना मी नक्की दुप्पट खात असणार. त्याच कैदेत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा गेल्या. बासष्ट वर्षांची सोबत संपली. पुढे ३० जानेवारी १९४८ चे आपण सारे जाणतोच.

मंडळी, गांधीजींसारखे जेवा, असे मी सांगणार नाही. माझ्याच्याने कडुनिंब होत नाही. पण जे दुसऱ्याला सोडायला सांगायचे ते आधी आपल्या ताटातून काढायचे, एवढे मी उशिरा का होईना शिकलो. पापड आता घरात आणत नाही.

खिचडी बरी जमते. वाटीभर तांदूळ, वाटीभर मूगडाळ, हळद, जिरे, चमचाभर तूप. सोसायटीत कुणी आजारी असल्याचे कळले की डबा घेऊन जिने चढतो. मीठ मात्र वेगळ्या पुडीत देतो.