रॉबर्ट हूक

रॉबर्ट हूक (१८ जुलै १६३५, फ्रेशवॉटर, वाइट बेट – ३ मार्च १७०३, लंडन) हे इंग्लिश शास्त्रज्ञ होते. ऑक्सफर्ड येथे रॉबर्ट बॉईल यांचे साहाय्यक असताना त्यांनी वातपंप तयार केला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने प्रयोग करून दाखविण्याच्या कामी त्यांची नेमणूक केली. ‘मायक्रोग्राफिया’ (१६६५) हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ.

स्प्रिंगवरील बल तिच्या लांबीतील वाढीच्या सम प्रमाणात असते, हा नियम त्यांनी १६७६ मध्ये अक्षरे विस्कटून छापला. शोध उघड करायचा नव्हता आणि श्रेयही गमवायचे नव्हते! १६७८ च्या पुस्तकात त्यांनी कोडे उलगडले. पदार्थांचे कण सतत कंप पावतात, ही कल्पनाही त्यातच मांडली. रासायनिक बंधाची संकल्पना मात्र तेव्हा नव्हती.

पुढे रेणूंच्या अभ्यासात हाच नियम उपयोगी पडला. हायड्रोजन क्लोराइडमधील बंध स्प्रिंगसारखा मानल्यास अणूंचे कंपन ही सरल हरात्मक गती ठरते. बंध जितका ताठ तितकी वारंवारता अधिक, आणि अणू जितके जड तितकी कमी. त्यामुळे हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम आल्यास ती सुमारे ०.७२ पट होते. बंध फार ताणल्यास तो तुटतो; तेथे हे प्रतिमान अपुरे पडते. ती उणीव फिलिप मोर्स यांच्या १९२९ मधील सूत्राने बरीच भरून निघाली.

गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून हूक यांचे न्यूटन यांच्याशी वितुष्ट आले, ते अखेरपर्यंत मिटले नाही. हूक यांचे एकही निर्विवाद समकालीन चित्र आज उपलब्ध नाही.