सेर्हियो ओस्मेन्या, धाकटे

सेर्हियो ओस्मेन्या, धाकटे (४ डिसेंबर, इ.स. १९१६ – २६ मार्च, इ.स. १९८४) हे फिलिपाईन्समधील राजकारणी व सेबू शहराचे महापौर होते. सेबू प्रांताचे गव्हर्नर, प्रतिनिधिगृहाचे सदस्य व सेनेटर ही पदेही त्यांनी भूषवली. देशाचे चौथे राष्ट्राध्यक्ष सेर्हियो ओस्मेन्या हे त्यांचे वडील होत. वडिलांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून लोक त्यांना सेर्हिंग म्हणत. इ.स. १९६९ मध्ये त्यांनी फर्डिनांड मार्कोस यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. तीत त्यांचा पराभव झाला. राष्ट्रीय राजकारणाकडे झेप घेणे आणि तेथून पुन्हा सेबूच्या महापौरपदाकडे परतणे, असा त्यांच्या कारकिर्दीचा क्रम राहिला.

कुटुंब व युद्धकाळ

ओस्मेन्या घराणे हे सेबू बेटावरील प्रतिष्ठित घराणे. वडील इ.स. १९०७ मध्ये पहिल्या फिलिपाईन विधानसभेचे अध्यक्ष झाले, तर इ.स. १९३५ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. मान्युएल केझोन यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १९४४ मध्ये, राष्ट्राध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सेर्हिंग यांची आई एस्तेफानिया चियोंग वेलोसो त्यांच्या बालपणीच वारल्या. पुढे त्यांचा विवाह सेनेटर व जहाज-व्यावसायिक एस्तेबान दे ला रामा यांची कन्या लुर्देस यांच्याशी झाला.

दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपाईन्सचा ताबा घेतला. वडील केझोन यांच्यासमवेत अमेरिकेत विजनवासी सरकारात होते. सेर्हिंग मात्र देशातच राहिले. त्यांचे बंधू डॉ. एमिलियो यांना जपान्यांनी ठार केले. युद्धानंतर खुद्द सेर्हिंग यांच्यावर मात्र जपानी सैन्याशी व्यापार केल्याचा, म्हणजेच शत्रूशी सहकार्याचा आरोप आला. हा आरोप त्यांच्या राजकीय वाटचालीत अखेरपर्यंत अडसर ठरला.

सेबूचे महापौरपद

इ.स. १९५१ च्या निवडणुकीत ते सेबू प्रांताचे गव्हर्नर झाले. सेबू शहराला इ.स. १९३७ मध्ये स्वतंत्र सनद मिळाली होती. तरी महापौराची नेमणूक सरकारकडूनच होत असे. इ.स. १९५५ मध्ये हे पद प्रथमच लोकनिर्वाचित झाले आणि मतदारांनी ओस्मेन्या यांना निवडून दिले. मात्र इ.स. १९५७ मध्ये ते सेबूच्या दुसऱ्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात गेले व शहराचा कारभार उपमहापौर रामोन दुतेर्ते यांच्याकडे आला. तत्कालीन कायद्यानुसार स्थानिक पदाधिकाऱ्याने दुसऱ्या पदासाठी उमेदवारी दाखल केली की त्याचे आधीचे पद आपोआप रिक्त होत असे. त्यामुळे वरच्या पदाची निवडणूक लढवण्यासाठी त्यांना हातचे महापौरपद सोडावे लागले.

त्यांच्या काळातील सर्वांत मोठी नागरी योजना म्हणजे शहराच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र हटवून तयार करण्यात आलेली जमीन. डोंगर आणि समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या सेबूला वाढीसाठी सपाट जागा हवी होती. हा भाग पुढे व्यापार व बंदराच्या दृष्टीने महत्त्वाचा झाला. तेथील एका प्रमुख रस्त्याला त्यांचे नाव आहे.

संसदेतील निलंबन

जून, इ.स. १९६० मध्ये त्यांनी प्रतिनिधिगृहातील भाषणात राष्ट्राध्यक्ष कार्लोस गार्सिया यांच्यावर लाचखोरीचे आरोप केले. सालिपादा पेंदातुन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ओस्मेन्या यांनी पुरावे सादर केले नाहीत आणि सभागृहाने त्यांना १५ महिन्यांसाठी निलंबित केले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सभागृहातील भाषणाबद्दल सदस्याला बाहेर जाब विचारता येत नाही. परंतु खुद्द सभागृह त्याला शिस्त लावू शकते, असा निर्णय न्यायालयाने त्याच वर्षी दिला. हा खटला फिलिपाईन्सच्या घटनात्मक कायद्याच्या अभ्यासात आजही महत्त्वाचा मानला जातो.

इ.स. १९६१ मध्ये त्यांनी अपक्ष म्हणून उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. मतदानाला महिनाही उरला नसताना, १९ ऑक्टोबर रोजी, वडिलांचे निधन झाले. या निवडणुकीत इमान्युएल पेलाएझ विजयी झाले. ओस्मेन्या दुसऱ्या क्रमांकावर राहिले. इ.स. १९६३ मध्ये ते पुन्हा सेबूचे महापौर झाले. इ.स. १९६५ मध्ये लिबरल पक्षातर्फे ते सेनेटवर निवडून आले. पण मुदत पूर्ण होण्यापूर्वीच इ.स. १९६७ मध्ये महापौरपदाची निवडणूक जिंकून सेबूला परतले. सेबूचे मतदार हेच त्यांचे खरे बळ होते.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक

इ.स. १९६९ मध्ये लिबरल पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. मार्कोस यांच्या प्रचारात युद्धकाळातील जुना आरोप पुन्हा उकरून काढण्यात आला. मार्कोस यांना ५० लाखांहून अधिक, तर ओस्मेन्या यांना सुमारे ३१ लाख मते मिळाली. या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी केलेल्या अफाट खर्चाचे परिणाम लवकरच दिसले. फेब्रुवारी, इ.स. १९७० मध्ये सरकारला पेसोचा स्थिर दर सोडून द्यावा लागला आणि महागाई वाढली.

प्लाझा मिरांडा व विजनवास

२१ ऑगस्ट, इ.स. १९७१ रोजी मनिलातील प्लाझा मिरांडा येथे लिबरल पक्षाच्या सभेत व्यासपीठावर हातबॉम्ब टाकण्यात आले. यात ९ जण ठार झाले. ओस्मेन्या गंभीर जखमी झाले. सप्टेंबर, इ.स. १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा जाहीर केला, तेव्हा ते अमेरिकेत उपचार घेत होते. मायदेशी परतणे म्हणजे तुरुंगवास पत्करणे होते. मार्कोस यांच्या हत्येच्या कथित कटाच्या आरोपावरून त्यांचे पुत्र सेर्हियो तिसरे यांना अटक झाली. पाच वर्षांच्या कैदेनंतर, इ.स. १९७७ मध्ये, ते युहेनियो लोपेझ (धाकटे) यांच्यासह कोठडीतून निसटून अमेरिकेस पोहोचले. आतापर्यंत प्रत्येक पराभवानंतर सेबूला परतणाऱ्या ओस्मेन्या यांना ही वाट आता बंद झाली होती. २६ मार्च, इ.स. १९८४ रोजी लॉस एंजेलस येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी मार्कोस यांची सत्ता कोसळली. इ.स. १९८८ मध्ये त्यांचे पुत्र तोमास सेबूचे महापौर झाले, तर पुतणे एमिलियो (लितो) सेबू प्रांताचे गव्हर्नर. सेर्हियो तिसरे इ.स. १९९५ मध्ये सेनेटवर निवडून आले. अशा प्रकारे सेबूचे महापौरपद व प्रांताचे गव्हर्नरपद ही दोन्ही पदे पुन्हा ओस्मेन्या घराण्याकडे आली.