एक होता माळी...

मागच्या सेमिस्टरला माझ्या सायकलचं मागचं चाक खड्ड्यात आपटलं आणि रिम वाकडी झाली. दर फेरीला चाक ब्रेकला घासायचं. कॉलेजमागच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी सायकल उलटी केली, छोटीशी चावी काढली आणि एकेक आरा बोटाने छेडत, कुठे पाव फेरा आवळत, कुठे ढिला करत वीस मिनिटांत आउट काढून दिला. मी शेजारी उभी राहून बघत होते. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये मला बऱ्यापैकी मार्क आहेत बरं का! तरी एक साधा प्रश्न पडला आणि उत्तर येईना. ही दोन मिलिमीटरची तार हाताने सहज वाकते, मग तिच्यावर माझं आणि माझ्या सॅकचं वजन पेलतं कसं? काकांना विचारलं. तारा उभ्या नसतात, ताणलेल्या असतात, एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या सायकलकडे वळले.

त्या उत्तराच्या मागे लागले आणि माझी गाठ पडली जेम्स स्टार्लीशी.

जेम्सचा जन्म 21 एप्रिल 1830 चा. इंग्लंडच्या ससेक्स भागातलं ऑलबोर्न हे त्याचं गाव. गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर साउथ डाउन्स नावाची टेकड्यांची लांबलचक रांग आहे, पांढऱ्या खडूच्या दगडाची आणि वरून हिरव्यागार गवताची. वडील शेतकरी. जेम्सही लहानपणीच शेतावर राबायला लागला, पण नांगरात त्याचा जीव काही रमेना. कोवळ्या वयात तो घरातून पळाला आणि लंडनजवळ लुइशमला एका बंगल्यात माळी म्हणून राहिला.

बंगला होता जॉन पेन यांचा. जहाजांची वाफेची इंजिनं बनवणारे हे मोठे कारखानदार. दिवसा बागकाम, रात्री लोकांची घड्याळं दुरुस्त करणं, असं या माळीबुवांचं चाललेलं. एकदा पेनबाईंचं शिवणयंत्र बिघडलं. त्या काळी ती फार महागडी वस्तू. आपल्या जेम्सने ते उघडलं, दुरुस्त केलं आणि वर त्यात सुधारणाही सुचवल्या! पेन यांनी त्याची शिफारस शिवणयंत्रांच्या धंद्यातल्या जोसाया टर्नर यांच्याकडे केली. पुढे टर्नर आणि स्टार्ली कॉव्हेंट्रीला गेले आणि 1861 च्या सुमारास तिथे त्यांनी शिवणयंत्रांचा कारखाना काढला.

कॉव्हेंट्रीची तेव्हा दैना झालेली होती. रेशमी फिती विणणं हा गावाचा धंदा. 1860 च्या करारामुळे फ्रान्सच्या फिती जकातीशिवाय येऊ लागल्या आणि हजारो विणकर रिकामे झाले. त्या गावाला नवा धंदा हवा होता. तो आला 1868 साली. टर्नर यांचा पुतण्या रोली याने पॅरिसहून एक व्हेलोसिपीड आणली. पुढच्या चाकालाच पायडल, लाकडी आरे, लोखंडी धाव. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून इंग्रजांनी तिला नावही तसंच ठेवलं होतं. या गाड्या बनवायचं काम कारखान्याने घेतलं आणि स्टार्लीचं डोकं चालू लागलं. गाडी एवढी जड का?

आता जरा आपल्या भाषेत बोलू. बैलगाडीच्या चाकात वजन खालच्या आऱ्यावर येतं, म्हणजे आरा दाबला जातो. दाब सोसायचा तर आरा जाडजूडच हवा. बारीक तार दाबली की वाकणार (आपलं बकलिंग!), पण ओढायला गेलात तर ती भलतीच दमदार. मग सगळ्याच तारा आधीपासून ताणून ठेवल्या तर? वजन आल्यावर खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकंच. ताण शिल्लक आहे तोवर तार वाकत नाही. काकांच्या एका वाक्यात हे सगळं होतं!

तारेचं चाक सुचणारा स्टार्ली पहिला नव्हे. पॅरिसच्या यूजीन मेयरने 1869 सालीच पेटंट घेतलं होतं. पण 1870 साली स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी तारा ताणता येतील अशा चाकाची संपूर्ण लोखंडी एरियल सायकल पेटंट केली. पुढचं चाक प्रचंड, मागचं चिमुकलं. दोघांनी ती लंडनहून कॉव्हेंट्रीपर्यंत, म्हणजे 96 मैल, एका दिवसात चालवत आणली असं सांगतात.

तरी एक अडचण राहिली. तारा हबपासून सरळ रिमकडे गेल्या की पायडल मारताना हब पुढे फिरतो आणि रिम मागे रेंगाळते. 1874 साली स्टार्लीने तारा तिरक्या लावल्या, हबला स्पर्शिकेसारख्या, एकमेकींना ओलांडत जाणाऱ्या. निम्म्या एका दिशेला ओढणार, निम्म्या दुसऱ्या. आज आपल्या स्टँडवरची कुठलीही सायकल बघा, बहुतेक हीच गुंफण दिसेल.

स्टार्लीशी माझा दुसरा संबंध व्हायव्हाचा. एका व्हायव्हात मला विचारलं होतं, डिफरन्शियल का लागतो. मी पाठ केलेली व्याख्या घडाघडा म्हटली, पण का ते सांगता आलं नाही. स्टार्लीला ते, म्हणतात की, रस्त्यावर पडून कळलं. शेजारी शेजारी बसायच्या गाडीवर तो आणि मुलगा विल्यम चालले होते. दोघांचं चाक वेगळं, पायडल वेगळे. तरुण विल्यमचा जोर जास्त, त्यामुळे गाडी वळली आणि बाप थेट खाज आणणाऱ्या झुडपांत! दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देऊनही दोघांचा जोर सारखा वाटायचा कसा, या प्रश्नातून 1877 चं त्याचं डिफरन्शियलचं पेटंट आलं. फ्रान्समध्ये पेकर याने ही कल्पना पन्नास वर्षं आधीच मांडली होती. पण स्टार्लीने ती लोकांच्या तीनचाकींत आणली. 1881 साली खुद्द राणी व्हिक्टोरियाने त्याच्या दोन तीनचाकी मागवल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो कॅन्सरने गेला. वय अवघं 51. तीन वर्षांनी कॉव्हेंट्रीने त्याचं स्मारक उभारलं. त्याच्याच हाताखाली शिकलेला पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 1885 साली रोव्हर सायकल आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी आणि साखळी मागच्या चाकाला, म्हणजे आपली आजची सायकल.

आता पुन्हा त्याच्या गावाकडे जाऊ. साउथ डाउन्सच्या माथ्यावरून विंचेस्टर ते ईस्टबोर्न असा 160 किलोमीटरचा साउथ डाउन्स वे जातो. तो 1972 साली खुला झाला. घोडेवाटांवर सायकली न्यायचा हक्क तिथे 1968 च्या कायद्याने मिळाला, मात्र पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. त्यामुळे माउंटन बाइकवाल्यांचा हा लाडका रस्ता. मी गेलेले नाही, व्हिडिओ मात्र पारायण केल्यासारखे बघितलेत. बटसर हिलचा चढ, डेव्हिल्स डाइकची खोल दरी, क्लेटनच्या दोन पवनचक्क्या, मग 248 मीटर उंच डिचलिंग बीकन. खडू भिजला की साबणासारखा निसरडा, आणि त्यातली गारगोटी टायर फाडणारी. माउंटन बाइक अमेरिकेत जन्मली हे खरं, पण उतारावर डिस्क ब्रेक दाबला की तो सगळा पीळ हबकडून रिमकडे जातो तो त्या तिरक्या आऱ्यांतूनच. सरळ आरे तिथे टिकणार नाहीत. डेव्हिल्स डाइकवरून उत्तरेला जो सखल मुलूख पसरलेला दिसतो, त्यातच ऑलबोर्न आहे. ज्या टेकड्या बघत तो पोरगा मोठा झाला, त्यांच्यावरून आज त्याचीच चाकं धावतात. किती जणांना ठाऊक असेल?

हे वाचल्यावर मी काकांकडे गेले आणि एक जुनी रिम मागितली. तीन रविवार बसून 36 आरे स्वतः गुंफले. पहिलं चाक पापडासारखं वाकडं झालं, काका मनसोक्त हसले. दुसरं जरा बरं आलं. तिसरं आज माझ्या सायकलला आहे, आणि त्याच्यावर बसूनच मी कॉलेजला येते.

स्टार्लीकडे डिग्री नव्हती, म्हणून डिग्री नको असं मी म्हणत नाही. फी भरणारे आईबाबा घरी आहेत! पण त्याने आधी वस्तू उघडली आणि मग का ते विचारलं. आपण चार वर्षं व्याख्या पाठ करतो आणि वस्तू उघडतच नाही. मित्रमैत्रिणींनो, पुढच्या व्हायव्हाच्या आधी निदान एक स्क्रू तरी उघडून बघा!