अधिकाराची मर्यादा जाणणारे न्यायमूर्ती

मुरुडपासून गुहागरपर्यंत कोकणचा किनारा राजपुरी, बाणकोट आणि दाभोळच्या खाड्यांनी जागोजागी तोडलेला आहे. अशा किनाऱ्यावर कोणाला गंभीर दुखापत झाली, की मोठ्या शहराचे अंतर प्रथम आठवते. गुहागर तालुक्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी ६ मे १९५३ रोजी झालेल्या अपघातातून असाच एक खटला उभा राहिला. शस्त्रक्रियेतील चुकांबाबत भारतातील डॉक्टरांचे उत्तरदायित्व ज्या निकालाच्या आधारे आजही तपासले जाते, तो निकाल याच खटल्यात लिहिला गेला. लिहिणारे होते न्या. जयशंकर मणिलाल शेलत.

शेलत यांचा जन्म १६ जुलै १९०८ रोजी गुजरातमधील उमरेठ येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले. इनर टेंपलमधून बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबईत वकिली केली. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६० मध्ये गुजरात राज्य निर्माण झाल्यावर ते तेथील उच्च न्यायालयात गेले आणि १९६३ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. फेब्रुवारी १९६६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले. इतिहासाचीही त्यांना ओढ होती. सम्राट अकबरावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला.

'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' हे अपील त्यांच्यापुढे आले, तेव्हा मूळ घटनेला दीड दशक होत आले होते. पालशेतच्या अपघातात सुमारे २० वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. किनारा घरापासून दीड मैल दूर होता. खाट आणून त्याला घरी नेण्यात आले. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि पुण्याला नेण्याचा सल्ला दिला. मध्यरात्रीनंतर टॅक्सीने निघून सुमारे २०० मैलांचा प्रवास करीत तो ९ मे रोजी दुपारच्या सुमारास पुण्यात पोहोचला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते.

पुण्यातील शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात त्याच दिवशी पायाला प्लास्टर घालण्यात आले. संध्याकाळी मुलाला श्वास घेणे जड जाऊ लागले आणि रात्री नऊ वाजता त्याचा मृत्यू झाला. रक्तात चरबीचे कण अडकल्याने मृत्यू झाला, असे प्रमाणपत्र देण्यात आले. आईवडिलांनी भरपाईचा दावा लावला. पूर्ण भूल न देता, मदतनीसांकरवी पाय जोराने ओढून हाड बसविण्यात आले आणि त्या आघाताने मुलगा दगावला, असा निष्कर्ष पुण्याच्या न्यायालयाने काढला व तीन हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

२ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शल्यचिकित्सकाचे अपील फेटाळले. रुग्णावर उपचार करण्यास तयार होणारा डॉक्टर तीन कर्तव्ये स्वीकारतो, असे शेलत यांनी निकालपत्रात मांडले. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना त्याने दक्षता घेतली पाहिजे. सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा नाही. मात्र वाजवी कौशल्य आणि काळजी हवीच. उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, आणीबाणीच्या प्रसंगी ते अधिकच आहे. पण त्याची कारणे न्यायालयापुढे टिकली पाहिजेत.

या निकालाची पुढे मोठी परंपरा झाली. १९९५ मध्ये सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेवेळी पोटात कापड राहून एका महिलेचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र हयगय ढळढळीत असावी लागते, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेत मज्जातंतूंना इजा झाल्याची तक्रार असो वा भलत्याच मणक्यावर शस्त्रक्रिया झाल्याची, विचारायचे प्रश्न हेच असतात. केवळ अपयश म्हणजे हयगय नव्हे, हे डॉक्टरांना मिळालेले संरक्षणही त्यातच आहे.

अधिकार व्यापक असला तरी अमर्याद नसतो, हे सूत्र शेलत यांनी राज्यसत्तेलाही लावले. गोलकनाथ, बँक राष्ट्रीयीकरण आणि केशवानंद भारती या खटल्यांत ते सरकारविरुद्ध निर्णय देणाऱ्या बहुमतात होते. केशवानंद खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला. दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीशपदासाठी न्या. अजितनाथ राय यांचे नाव जाहीर झाले. सेवाज्येष्ठ शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोवर यांना डावलण्यात आले होते. शेलत यांच्या निवृत्तीला तीन महिनेही उरले नव्हते. तिघांनीही राजीनामे दिले.

शेलत यांचे १९८५ मध्ये निधन झाले. सरन्यायाधीशांच्या यादीत त्यांचे नाव नाही. मात्र देशात कोठेही रुग्णाचे नातेवाईक न्यायालयाची पायरी चढतात, तेव्हा पालशेतच्या त्या मुलाच्या खटल्याचा आधार वकील आजही घेतात. भरपाई तीन हजारांचीच होती. पण पंधरा वर्षे झगडलेल्या आईवडिलांना, आपला मुलगा हयगयीने गेला, हे न्यायासनाकडून कळले होते.