काळ्या कोटातले बाबासाहेब

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं जुनी माणसं सांगत आली. पण ज्यांना पाणवठा बंद, देऊळ बंद, शाळेचा उंबरठासुद्धा बंद, त्यांनी न्याय मागायला जायचं तरी कुठं? त्यांना ती पायरी चढावीच लागली. आणि चढताना त्यांचा हात धरायला एक बॅरिस्टर उभा राहिला. परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर! घटनेचे शिल्पकार आणि धम्मदीक्षा देणारे बाबासाहेब आपल्या घराघरांत आहेत. विहाराच्या या वर्धापनदिनी मात्र आम्हाला आठवण द्यायची आहे ती फौजदारी कोर्टात उभ्या राहिलेल्या वकील बाबासाहेबांची.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या पोटी जन्मलेलं हे चौदावं रत्न. १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातलं. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा जमवला, १९२० साली पुन्हा लंडन गाठलं आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. एवढा शिकलेला माणूस, पण वकिलीच्या सनदेला पैसे नव्हते! नवल भथेना या पारशी मित्राने ते उसने दिले, तेव्हा कुठे जुलै १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली.

मोठ्या दाव्यांची कागदपत्रं सॉलिसिटरकडून बॅरिस्टरकडे यायची. अस्पृश्याच्या हाती ती कोण देणार? म्हणून बाबासाहेबांनी अपिलांची आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कोर्टांची कामं घेतली. घर चालावं म्हणून १९२५ पासून बाटलीबॉयच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. माता रमाईंनी त्या दिवसांत संसार कसा रेटला असेल, ते आपल्या आयाबहिणींना वेगळं सांगायला नको. तरीही गरीब अशिलाला त्यांनी दारातून परत पाठवलं नाही.

१९२६ साली पुण्याचा खटला गाजला. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहरी टीका होती. जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि लाड या चौघांना खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले. मेलेल्या माणसाची बदनामी गुन्हा कधी ठरते? जवळच्या नातेवाइकांचं मन दुखवायचा हेतू असेल तेव्हा. फिर्यादी तर दूरचा नातलग! बाबासाहेबांनी नेमकं तिथं बोट ठेवलं. ऑक्टोबर १९२६ मध्ये चौघंही सुटले. आवाज चढवून नव्हे, कलम वाचून सुटले.

पुढच्याच वर्षी महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं म्हणून आपल्या माणसांची डोकी फोडली गेली. आपली माणसं चिडली होती, हजारोंच्या संख्येने होती. पण बाबासाहेबांनी उलटा हात उचलू दिला नाही. मारणाऱ्यांवर खटला चालला आणि जूनमध्ये नऊपैकी पाच आरोपींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. वरचे अधिकारी त्या जातिभांडणाच्या बाहेरचे होते म्हणूनच हा न्याय मिळाला, असं बाबासाहेबांचं मत होतं. खुर्चीवर कोण बसलंय, याला किती किंमत असते ते यातून कळतं.

१९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या अश्लीलतेचा खटला झाला. सगळा समाज नाक मुरडत असताना बाबासाहेब कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्यालाही वकील मिळालाच पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्या नाशिककरांना हे नवं नाही. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांसह आपल्या वाडवडिलांनी सत्याग्रह केला, मार खाल्ला, तुरुंग पाहिला. आरोपी म्हणजे गुन्हेगारच असं म्हणायचं, तर मग आपले ते वाडवडील कोण होते?

सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनीच मांडलेलं कलम आज घटनेत २२ वं आहे. अटकेचं कारण सांगा, पसंतीचा वकील करू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. वस्तीतल्या ज्या पोराला रात्री चौकीवर नेतात, त्याच्या आईला हे कलम पाठ असायला हवं.

आता पालकांना आमची विनंती. पोरगं किंवा पोरगी कायदा शिकते म्हणाली, तर तोंड वाकडं करू नका. पदवी, बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा झाली की फौजदारीत दोन वाटा आहेत. एक सरकार पक्षाची. मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या सहायक सरकारी अभियोक्त्याची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. जाहिरातीतली अनुभवाची अट नीट वाचावी. सत्र न्यायालयात सरकारी वकील व्हायला सात वर्षांची वकिली लागते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात विशेष सरकारी वकिलालाही तीच अट आहे. दुसरी वाट बचावाची. कुणा ज्येष्ठाच्या हाताखाली शिकावं. २०२२ पासून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आरोपींसाठी मानधनावर बचाव वकील नेमतात, त्यात नव्या वकिलांनाही सहायक म्हणून जागा असते. अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेही ध्यानात ठेवा. सुरुवातीची काही वर्षं हाती पैसा कमी येतो, हे खरं. तो बाबासाहेबांनाही कमीच येत होता.

आमच्या मते दोन्ही टेबलांपाशी आपली मुलं हवीत. अत्याचार झालेल्या बाईची बाजू मन लावून मांडणारा एका टेबलाशी, खोट्या गुन्ह्यात अडकवलेल्या पोराला सोडवणारा दुसऱ्या टेबलाशी. बाबासाहेबांच्या तसबिरीला आपण हार घालतोच. या वर्षी वस्तीतल्या एखाद्या लेकराच्या हाती कायद्याचं पुस्तक द्या, हेच त्यांना खरं अभिवादन ठरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!