रमाई : परळच्या दोन खोल्यांतली आई



औद्योगिक वसाहतीतून बाजारहाटासाठी महाडला गेलो की आपली पावले कधी ना कधी चवदार तळ्याकडे वळतात. २० मार्चला तर सारे महाड माणसांनी भरून जाते. लांबलांबच्या गावांहून बायका लेकराला कडेवर घेऊन येतात, तळ्यावर जातात, पाण्याला हात लावतात. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही गोष्ट आपली शाळेतली मुलेही सांगतात. पण त्या वेळी मुंबईतला त्यांचा संसार कोण सांभाळत होते, हे आपण सहसा विचारत नाही. त्या घरातले एक लहान मूल जेमतेम आठ महिन्यांपूर्वी दगावले होते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

तो संसार सांभाळणाऱ्या रमाबाई आंबेडकर आपल्या शेजारच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या. लोक त्यांना प्रेमाने रमाई म्हणतात. त्यांची कथा बहुतेक वेळा एका महापुरुषाची पत्नी म्हणून सांगितली जाते. आज आपण ती एका आईची कथा म्हणून पाहू.

वणंदची मुलगी

दापोलीजवळच्या वणंद गावी ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रमाचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून नेत. छातीचे दुखणे आणि डोक्यावर ओझे, असे त्यांचे आयुष्य. आई रुक्मिणी आजारपणात लवकर गेली आणि पाठोपाठ वडीलही गेले. धाकटी बहीण गौरा आणि भाऊ शंकर अजून अजाण होते. म्हणजे आई होण्याच्या कितीतरी आधीच रमाला लहान भावंडांचे रडणे थांबवावे लागले. पुढे काका आणि मामा या पोरक्या मुलांना घेऊन मुंबईला, भायखळ्याच्या चाळीत आले. कोकणातून मुंबईला जाऊन चाळीत बिऱ्हाड करण्याची वाट आपल्या भागातल्या बहुतेक घरांच्या परिचयाची आहे.

१९०६ मध्ये सुभेदार रामजी आंबेडकरांच्या भीमरावाशी रमाचे लग्न झाले. ते भायखळ्याच्या बाजारात लागले. दिवसाची खरेदी-विक्री संपून दुकानदार घरी गेल्यावर, रात्री, त्याच उघड्या बाजारात वऱ्हाडी जमले. ओट्यांचे बाक झाले, पायाखाली बाजाराचे सांडपाणी होते. नवरी नऊ वर्षांच्या आसपासची, नवरा शाळेत शिकणारा.

सहा-सात महिन्यांत पालटलेले घर

पुढे हे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, म्हणजे बी.आय.टी. चाळीत, दोन खोल्यांत राहू लागले. गिरणी कामगारांची वस्ती, सामाईक नळ, सामाईक संडास. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंत जन्मला. रमाबाई तेव्हा पंधरा वर्षांच्याही नव्हत्या.

त्यानंतर काय काय घडले ते तारखांसह पाहिले पाहिजे. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव नोकरीसाठी बडोद्याला गेले. २ फेब्रुवारीला सासरे रामजी वारले. घरातला कर्ता माणूस गेला, त्याच्याबरोबर त्याचे पेन्शनही गेले. जुलैत बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळून भीमराव अमेरिकेला निघाले. यशवंत तेव्हा रांगण्याच्या वयाचा होता.

भीमराव परत आले ते ऑगस्ट १९१७ मध्ये. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार चांगला होता, पण राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्यातला बराच भाग बाजूला पडत होता. उरलेल्या मोजक्या पैशांत घर चालवायचे होते आणि ते रमाबाईंनी चालवले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि एप्रिल १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. हिशेब केला तर यशवंताच्या पहिल्या दहा वर्षांपैकी जवळजवळ सात वर्षे त्याचे वडील परदेशात होते.

त्या वर्षांत दोन खोल्यांचे हे घर एकत्र कुटुंबाचे होते. दीर आनंदराव, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद अशी माणसे होती. उत्पन्न थोडे आणि खाणारी तोंडे अनेक. मुंबईत त्या काळी गोवऱ्यांना सरपण म्हणून गिऱ्हाईक असे. रमाबाईंनी शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. रस्त्यावरचे शेण गोळा करायचे, भुसा-कचरा घालून मळायचे, गोवऱ्या थापायच्या, उन्हात वाळवायच्या, मग विकायच्या आणि आलेल्या पैशांत त्या दिवसाचे पीठमीठ आणायचे. गोवरी थापलेल्या हातांनीच पुन्हा भाकरी थापायची. लहान मूल घरात असताना हे काम कसे होत असेल, ते आपल्या वसाहतीत रोजंदारीवर जाणाऱ्या बायांना सांगावे लागणार नाही.

गेलेली चार लेकरे

रमाबाईंना पाच अपत्ये झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. यशवंत तेवढा जगला. बाकीची चारही लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला.

आज आपल्याकडे मुलाला ताप आला तर रात्री-अपरात्री का होईना, गाडी काढून दवाखाना गाठता येतो. त्या काळी पेनिसिलीनसुद्धा नव्हते. ते औषध वापरात आले १९४० नंतर. दाटीवाटीच्या चाळी, अपुरे दूध, डॉक्टरच्या फीची विवंचना, यांत मुंबईच्या कामगार वस्तीतली कितीतरी तान्ही मुले दगावत. म्हणून रमाबाईंची लेकरे गेली ती केवळ नशिबाने गेली, असे म्हणून आपण पुढे जाऊ नये. दारिद्र्याचा त्यात मोठा वाटा होता, आणि ते दारिद्र्य जातीने लादलेले होते.

राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी कोल्हापूरचे स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. तीन मुलगे आणि एक मुलगी आपल्या हातांनी पुरल्याचे दुःख त्यात आहे. वडिलांचे दुःख असे कागदावर उतरले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. रमाबाईंचे दुःख कोणत्या पत्रात उतरले नाही. उरलेल्या यशवंताला संधिवाताचा त्रास होता. त्याचे दुखणे काढायचे, पुतण्याला भरवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चहापाणी पाहायचे, हे चालूच राहिले. घरातले मूल गेले तरी दुसऱ्या मुलाला भूक लागायची ती लागतेच, आणि आईला उठावे लागते.

महाडचा लढा आणि घर

मार्च १९२७ मध्ये महाडची परिषद झाली. २० तारखेला तळ्याचे पाणी घेतले गेले आणि त्याच दिवशी परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून महाडलाच दुसरी परिषद भरली. ती आटोपताना, २७ डिसेंबरला, बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले. त्या भाषणात मोठमोठे शब्द नव्हते. लुगडे नीट नेसा, अंगावरची जड, कमी प्रतीची दागिन्यांची खूण टाका, घर स्वच्छ ठेवा आणि मुलांना, मुलींनाही, शाळेत पाठवा, असा त्याचा आशय होता. पिढ्यान्‌पिढ्यांची खूण पुसायची तर ती घरातून आणि आईच्या हातून पुसली जाईल, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२८ मध्ये, मुंबईत स्त्रियांचे एक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. शाळेत जायला न मिळालेली, चार मुले गमावलेली ही तिशीतली बाई इतर आयांपुढे उभी राहिली.

त्यानंतरची एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी १९२८ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पत्रात बाबासाहेबांनी एक लेख लिहिला. पत्र आर्थिक अडचणीत होते आणि वाचकांना त्याविषयी सांगायचे होते. त्या लेखात त्यांनी आपल्या घराचाही उल्लेख केला आहे. आपण परदेशात असताना पत्नीने प्रपंचाचा भार वाहिला आणि शेणाच्या पाट्या डोक्यावर घेतल्या, आणि आपण परतल्यावरही त्या माउलीला दिवसातला थोडासा वेळ देऊ शकलो नाही, अशी कबुली त्यात आहे. चारचौघांत आणि छापील पानावर आपल्या घरातले ऋण असे मान्य करणारे पुरुष त्या काळी किती होते? आजही किती आहेत?

रमाबाईंची एक साधी इच्छा होती, पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन घ्यायची. अस्पृश्यांना देवळात प्रवेश नव्हता. दाराबाहेर उभे राहून घ्यायचे दर्शन बाबासाहेबांना मान्य नव्हते. ती यात्रा झाली नाही. मोठ्या लढ्याची किंमत अशा लहान इच्छांनीही मोजली जाते.

वसतिगृहातली मुले

धारवाडला बळवंतराव वराळे दलित मुलांचे वसतिगृह सांभाळत. रमाबाई काही दिवस त्यांच्याकडे राहिल्या होत्या. तेव्हाची एक आठवण आंबेडकरी घराघरांत सांगितली जाते. अनुदान वेळेवर न आल्यामुळे वसतिगृहातले धान्य संपले आणि मुले उपाशी राहिली. रोज अंगणात खेळणारी मुले दिसेनात, म्हणून रमाबाईंनी चौकशी केली. कारण कळल्यावर त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, धान्य आणवले आणि स्वतः चुलीपुढे बसून मुलांना जेवू घातले. तेव्हापासून ती मुले त्यांना रमाई म्हणू लागली, असे सांगतात.

स्वतःची चार लेकरे गमावलेल्या बाईने परक्या मुलांना पोटाशी धरले, याचे आपल्याला नवल वाटते. पण खेळणारी मुले आज अंगणात का दिसत नाहीत, हे तिच्या लक्षात आले, मला त्याचे अधिक मोल वाटते. मुलांवर माया करणारे पुष्कळ असतात. मूल गप्प झाले आहे हे ओळखायला मात्र रोज त्याच्याकडे पाहावे लागते.

दादरला हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले आणि कुटुंब चाळीतून तिकडे गेले. मोठे घर आणि पुस्तकांनी भरलेल्या खोल्या होत्या. पण रमाबाईंचे शरीर तोवर झिजले होते. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी त्या राजगृहात वारल्या. वय सदतीस. चवदार तळ्याचा हायकोर्टाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला, तो ऐकायला त्या नव्हत्या. यशवंत मोठा झाला आणि वडिलांच्या कामात उभा राहिला. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला.

आपल्यासाठी

अशा चरित्रातून आपण पटकन एक धडा काढतो, की बाईने रमाईसारखे सोसावे. हा धडा चुकीचा आहे. आपल्या मनाने केलेला त्याग मोठा असतो. दुसऱ्याने तो करावा अशी अपेक्षा धरली की त्याचा जुलूम होतो. रमाबाईंच्या हाती निवड फारशी नव्हतीच. आपल्या हाती ती आहे.

आपल्या वसाहतीत कितीतरी घरांतला पुरुष रात्रपाळी करून सकाळी झोपतो. एका खोलीत दोन-तीन लहान मुले, त्यांना गप्प ठेवायचे, डबा करायचा, पाणी भरायचे, कुणाला ताप असेल तर दवाखान्यात न्यायचे, आणि शक्य झाले तर स्वतः कामावर जायचे. माहेर-सासर दूर, मदतीला कोणी नाही. ही बाई तक्रार करत नाही, म्हणून ती थकत नाही असे आपण धरून चालतो.

बाबासाहेबांना देशाच्या कामामुळे घरासाठी वेळ मिळाला नाही आणि त्याची त्यांना खंत होती. आपल्यापैकी बहुतेकांना पाळी सुटल्यावर वेळ असतो. तो नाक्यावर आणि टीव्हीपुढे जातो. आज घरी गेल्यावर धाकट्याला आंघोळ घाला, मोठ्याचा अभ्यास घ्या, जेवणानंतरची भांडी घासा. आणि तुमच्या मजल्यावर एकटीने मुले वाढवणारी कोणी असेल, तर तिच्या मुलांना एक संध्याकाळ तुमच्या घरी जेवायला बोलवा.

वणंदला रमाईंचे स्मारक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन एकदा जाऊन या. चवदार तळे त्यांना ठाऊक आहेच. त्या लढ्यामागचे घर कोणी सांभाळले, तेही त्यांना कळू द्या.