इंजिनाला धक्का बसला तर पुढे काय? मॅक्सवेलची फारशी न सांगितली जाणारी गोष्ट

बडनेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या पोराला कंट्रोल सिस्टिमबद्दल विचारा. तो पहिल्यांदा राऊथचा तक्ता सांगेल. पण हा विषय गणितात आणला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं. आपण त्याचं नाव फक्त वीज, चुंबक आणि प्रकाशापुरतं घेतो.

जन्म १३ जून १८३१, एडिनबरा. आठ वर्षांचा असताना आई पोटाच्या कॅन्सरनं गेली. शाळेत गावाकडचे कपडे आणि गावाकडची बोली, म्हणून पोरं त्याला येडा म्हणून चिडवायची. पुढे केंब्रिज. १८५४ मध्ये तिथल्या गणिताच्या मोठ्या परीक्षेत तो दुसरा आला. पहिला आला एडवर्ड राऊथ. हे नाव लक्षात ठेवा.

मग शनीची कडी. ती अखंड आणि घट्ट असतील तर टिकतील का? मॅक्सवेलनं गणित मांडून दाखवलं की नाही, जरासा धक्का बसला तरी कडं शनीवर कोसळेल. म्हणजे ती सुट्या तुकड्यांचीच असली पाहिजेत. त्याला याच कामासाठी १८५७ चं ॲडम्स पारितोषिक मिळालं. पण धक्का दिल्यावर काय होतं, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही.

तो पुन्हा भेटला इंजिनात. १८६८ साली बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रेल्वेच्या इंजिनात वाफेवर ड्रायव्हरचा हात असतो. पुढे बडनेऱ्यातही कापसाची गिरणी आली, तशा गिरणीत मात्र हे काम गव्हर्नर करतो. दोन लोखंडी गोळे गरगर फिरतात. वेग वाढला की ते बाहेर फाकतात आणि वाफ कमी होते, वेग घटला की उलट. जेम्स वॅटची ही युक्ती ८० वर्षं जुनी होती.

गोची अशी की गव्हर्नर जितका तल्लख करावा, तितकं इंजिन कधीकधी बिथरायचं. चार यंत्रं एकदम बंद झाली की वेग वर, मग खाली, मग आणखी वर. मॅक्सवेलला हे प्रयोगशाळेतून माहीत होतं. विजेच्या रोधाचं प्रमाण ठरवताना त्याला तारेचं वेटोळं एकाच वेगानं फिरवायचं होतं आणि त्यावर गव्हर्नर लावलेला होता.

१८६८ च्या निबंधात त्यानं सांगितलं की धक्क्यानंतर चारच गोष्टी घडू शकतात. बिघाड सरळ वाढत जाईल, सरळ विरत जाईल, हेलकावे मोठे होत जातील किंवा हेलकावे लहान होत शांत होतील. दुसरी आणि चौथी चालते, बाकी दोन यंत्र मोडतात. आज इम्पल्स रिस्पॉन्स काढतो तेव्हा आपण हेच बघतो: एक टिचकी मारायची आणि ती विरते का ते पाहायचं. आणि त्याचं उत्तर यंत्राच्या समीकरणाच्या मुळांमध्ये असतं. सगळ्या मुळांचा वास्तव भाग ऋण असेल तर यंत्र स्थिर.

पण मुळं न काढता हे ओळखायचं कसं? तिसऱ्या घातापर्यंत मॅक्सवेलला पूर्ण जमलं, पुढे सर्वसाधारण नियम सापडेना. माझ्या मते निबंधातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण त्यानं अडलेली जागा लपवली नाही. १८७७ च्या ॲडम्स पारितोषिकाचा विषय ठेवला गेला गतीच्या स्थैर्याचा निकष. तो ठरवणाऱ्यांत मॅक्सवेल होता. बक्षीस जिंकलं कोणी? त्याच एडवर्ड राऊथनं! कितीही घात असो, आकडे तक्त्यात मांडायचे आणि पहिल्या उभ्या ओळीत चिन्ह बदलतं का ते बघायचं.

दोन वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८७९ ला, मॅक्सवेल गेला. वय ४८, आजार आईचाच. १८९५ मध्ये ॲडॉल्फ हुर्विट्झ या जर्मन गणितज्ञानं स्वतंत्रपणे तोच निकष काढला. म्हणून पुस्तकात राऊथ-हुर्विट्झ असं नाव येतं, मॅक्सवेलचं त्यात नाही.